पत्र्याची पाठ

मायेस्त्रांनी, म्हणजे आमच्या धातूकामाच्या वर्गाच्या शिक्षिकांनी, माझा पत्रा हातात घेतला, पण पुढची बाजू पाहिलीच नाही. उलटा केला, खिडकीकडे तिरपा धरला, पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "इथे तू घाई केलीस. देठापाशी."

खरंच केली होती. त्या दिवशी मी वर्गाला उशिरा पोचले होते आणि बुडालेला अर्धा तास त्या देठावर वसूल केला होता. पुढून बघणाऱ्याला ते कधीच कळलं नसतं. गुलाब चांगला टपोरा उठला होता, पाकळ्यांना कड होती. पाठीवर मात्र सगळं उमटलं होतं. फुलाच्या जागी कांडीचे बारीक, एकसारखे वळसे, आणि देठाशी आल्यावर तेच वळसे लांब, ओढलेले, घाईचे.

मी राहते ते केरेतारो शहर मेक्सिको सिटीच्या वायव्येला, २०० किलोमीटरहून थोडं पुढे. नवऱ्याची नोकरी आम्हाला इथे घेऊन आली. पहिले सहा महिने माझी ओळख फक्त भाजीवाल्यांशी होती. मग एका सकाळी घराजवळच्या 'कासा दे ला कुल्तुरा'च्या फळ्यावर एक कागद दिसला: धातूवरचं रेपुहादो, मंगळवार आणि गुरुवार, सकाळी १० ते १२. अशी सांस्कृतिक घरं इथे गावोगावी असतात. जुना वाडा, मधे चौक, भोवतीच्या खोल्यांमध्ये गिटार, नाच, विणकाम, असं काही ना काही चालू. फी अगदी नाममात्र. रेपुहादो म्हणजे काय ते मी तिथेच उभी राहून फोनवर शोधलं. 'रेपुहार' म्हणजे धातूला मागून रेटत रेटत आकार वर उठवणं. आपल्याकडे सोनार ज्याला उठावाचं काम म्हणतात तेच. आत डोकावले तर चौदा जणं एका लांब टेबलाभोवती मान खाली घालून बसलेली. बहुतेक साठी ओलांडलेल्या बायका, आणि टोकाला एक निवृत्त बसड्रायव्हर काका. कुणीतरी न बघताच शेजारची खुर्ची सरकवली आणि म्हणालं, "बस, मिहा." 'मी इहा' म्हणजे 'माझी लेक'; बोलताना त्याचं 'मिहा' होतं. त्या एका शब्दावर मी बसले, ती आज तीन वर्षं बसतेच आहे.

आमच्या हातात चांदी नसते. ॲल्युमिनियमचा पत्रा असतो, मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका पातळ, गुंडाळीतून मीटरवर मिळणारा. साध्या कात्रीने कापला जातो आणि नवशिक्याच्या हाताला कडेने चरे पाडतो. नक्षी आधी 'आल्बानेने' कागदावर, म्हणजे ट्रेसिंग पेपरवर काढायची. तो पत्र्यावर चिकटवून, शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ न् रेघ गिरवायची. मग पत्रा पालथा घालून खाली मऊ काहीतरी ठेवायचं. आमच्याकडे जुन्या मासिकांवर फेल्टचा तुकडा असतो. पाठीला बोटभर व्हॅसलीन लावायचं, आणि 'एस्फुमिनो' घ्यायचा. चित्रकलेच्या वर्गात पेन्सिलीच्या छटा मिसळायला कागदाची घट्ट वळलेली कांडी वापरतात, तीच ही. तिच्या टोकाने छोटे छोटे गोल वळसे घेत पत्रा दाबत जायचं.

इथे खरी गोम आहे. आपण जे करतो ते आपल्याला दिसत नसतं. दिसतो तो खड्डा. जितका खड्डा खोल तितका पलीकडे डोंगर, हे डोक्याला कळतं, पण हाताला कळायला महिने जातात. पान डावीकडे वळवायचं असलं तर पाठीवर ते उजवीकडे वळतं. दर दोन मिनिटांनी पत्रा उलटायचा, काचेवर ठेवायचा, फुलाभोवतीची जमीन टेफ्लॉनच्या पट्टीने चापून सपाट करायची, कड पुन्हा गिरवायची, पुन्हा पालथा. उठवणं आणि बसवणं. एकाच वेळी पोटात खूप रेटलं तर पत्रा सुरकुततो, म्हणून थोडं मागून, थोडं पुढून, असं त्याला समजावत न्यावं लागतं. शेवटी पाठीच्या खड्ड्यांत मेण आणि राळ एकत्र वितळवून भरायची. राळेला इथे 'ब्रेआ' म्हणतात. आपले सोनारही पत्रा राळेवर बसवून ठोकतात, त्यामुळे पहिल्यांदा तिचा वास आला तेव्हा मला वर्गात क्षणभर आजोळची गल्ली आठवली. मेण भरलं नाही तर सगळा उठाव एका अंगठ्याच्या दाबाने आत जातो. मेण भरून झालं, पाठ समतल झाली, की लाकडी फळीवर पत्रा चिकटवायचा, वरून काळी पातीना, म्हणजे धातू जुना दिसावा म्हणून लावायचा लेप, फासायची आणि वाळल्यावर कापसाने, ब्रासो लावून पुसायची. उंच भाग लखलखतात, खोलगट रेघांत काळं राहतं. ब्रासोची तीच बाटली माझ्या आईच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात असायची.

माझा पहिला पत्रा फाटला. पहिलं काम सगळ्यांना एकच असतं, ज्वाळा निघणारं हृदय. खालच्या टोकापाशी मी एकाच जागी दाबत राहिले. आधी तिथली चमक गेली, पत्रा दुधाळ पांढरा झाला, आणि मग कांडीचं टोक आरपार गेलं. आवाजसुद्धा झाला नाही. मला रडू यायच्या बेतात होतं. शेजारच्या आजींनी माझ्या हातातून तो पत्रा काढून घेतला, कात्रीने फाटका भाग गोल कापून टाकला आणि उरलेल्या भागातून चार पानं कापून टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या बिस्किटाच्या डब्यात टाकली. त्या डब्यात सगळ्यांचे तुकडे असतात. ज्याला कोपऱ्यात पान हवं त्याने घ्यावं. पुढच्या महिन्यात ड्रायव्हरकाकांनी केलेल्या आरशाच्या चौकटीत मला माझ्या हृदयाचं एक पान दिसलं.

केरेतारो हे चांदीच्या वाटेवरचं गाव. १५४६ साली इथून उत्तरेला साकातेकासला चांदीच्या खाणी सापडल्या, आणि मेक्सिको सिटीपासून त्या खाणींकडे आणि पुढे उत्तरेत जाणारा राजरस्ता या शहरातून गेला. 'कामिनो रेआल दे तिएर्रा आदेन्त्रो', आतल्या मुलखाची राजवाट. २०१० साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. इथली चांदी स्पेनला गेली. १५६५ पासून १८१५ पर्यंत आकापुल्कोहून मनिलाला जहाजं जात होती, त्यातूनही गेली. युरोपमार्गे ती सुरतेला उतरत होती आणि मोगलांच्या टांकसाळीत वितळून तिचे रुपये पडत होते. हे वाचल्यापासून इथल्या दगडी रस्त्यावरून चालताना मला परकं वाटत नाही.

चांदी वाटेने निघून गेली आणि वाटेवरच्या माणसांनी जे हाताशी होतं त्यावर काम केलं. ते म्हणजे 'ओहालाता', कथलाचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा. एकोणिसाव्या शतकात तो स्वस्त आणि मुबलक झाला, आणि मेणबत्त्यांचे दिवे, आरशांच्या चौकटी, संतांच्या तसबिरी ठेवायची काचेची देवळी, सगळं त्यातून घडायला लागलं. त्याच पत्र्याच्या तुकड्यांवर नवस फेडल्याची चित्रं रंगवली जात. अशा चित्रांचा फ्रीदा कालो आणि दिएगो रिव्हेरा या चित्रकार नवराबायकोने केलेला मोठा संग्रह मेक्सिको सिटीतल्या त्यांच्या निळ्या घरात आहे. आमच्यापासून तासाभरावर सान मिगेल दे आयेंदे आहे. तिथल्या हस्तकलेच्या बाजारात पत्र्याच्या चांदण्या आणि हृदयं छतापर्यंत टांगलेली असतात. लोक ओहालाताला गरिबांची चांदी म्हणतात. मला हे नाव आवडत नाही. त्यात पत्र्याला चांदीच्या मापाने मोजलेलं आहे. पत्र्याला स्वतःचा एक उजेड असतो, जरा राखाडी, पावसाळी दुपारसारखा, आणि तो चांदीला कधी येत नाही.

चर्चमध्ये गेलं की संतांच्या पायाशी, मखमलीच्या तुकड्यावर, 'मिलाग्रो' टाचलेले दिसतात. मिलाग्रो म्हणजे चमत्कार. बोटाच्या पेराएवढ्या पत्र्याच्या आकृत्या असतात त्या: एक पाय, एक हात, डोळ्यांची जोडी, गुडघे टेकलेली बाई, गाय. ज्याचं जे दुखलं आणि बरं झालं, ते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या आत्याने डोळ्यांच्या ऑपरेशननंतर देवीला चांदीचे डोळे वाहिले होते, आणि वांद्र्याच्या मोत माउलीच्या पायऱ्यांवर मेणाचे हात-पाय विकायला मांडलेले मी लहानपणी पाहिले होते.

धातू ठोकायची ही विद्या स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे आहे. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगून या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी इथल्या मूळच्या नाहुआ लोकांकडून त्यांच्या जगण्याची माहिती लिहून घेतली. त्यात सोनारांचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक ठोकणारे आणि एक ओतणारे. अगदी आपल्या तांबट आणि ओताऱ्यांसारखे. त्या सोनारांचा देव शिपे तोतेक, सोललेल्या कातड्याचा देव. ऐकायला भयंकर वाटतं, पण पातळ पत्रा दोन बोटांत धरून पाहिलेल्या माणसाला सोनारांनी कातड्याचा देव का धरला असावा, असा प्रश्न पडत नाही. पत्रा कातडीसारखाच ताणला जातो आणि मागचं सगळं पुढे दाखवतो. मेक्सिकोवर चाल करून आलेल्या स्पॅनिश कोर्तेसने आपल्या सम्राटाकडे पाठवलेला खजिना १५२० साली ब्रसेल्समध्ये मांडला होता. तो पाहायला जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर गेला. त्याने आपल्या रोजनिशीत एका पुऱ्या वावेएवढ्या, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढ्या, रुंद सोन्याच्या सूर्याची आणि तेवढ्याच चांदीच्या चंद्राची नोंद केली आहे, आणि आयुष्यात इतकं मनाला सुख देणारं काही पाहिलं नाही असं लिहिलं आहे. ड्यूररचे वडील सोनार होते, तो स्वतः त्या कामात शिकलेला. मला वाटतं, त्या मांडणीभोवती जमलेल्या लोकांमध्ये सोन्याचं वजन न बघता ठोके बघणारा तोच असेल. तो सूर्य आज कुठेच नाही.

मागच्या वर्षी वर्गाची सहल मिचोआकान राज्यातल्या सांता क्लारा देल कोब्रे या गावी गेली. कोब्रे म्हणजे तांबं. पुरेपेचा लोक या भागात स्पॅनिशांच्या आधीपासून तांब्याचं काम करत आले आहेत, आणि मिचोआकानचे पहिले बिशप वास्को दे किरोगा यांनी गावागावांना एकेक हुन्नर वाटून दिल्याचं तिथले लोक अजून सांगतात. विजेच्या जुन्या तारांचं तांबं वितळवून त्याचा जाड, गोल ढेप करतात, 'तेहो'. एका कारखान्यात आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. लालभडक तेहो ऐरणीवर आला. एकाने तो लांब चिमट्यात धरला, आणि चौघे मोठे घण घेऊन भोवती उभे राहिले. एकाचा घण उतरला की दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा, मग चौथ्याचा. कुणी मोजत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. चिमटेवाला प्रत्येक ठोक्यागणिक ढेप जरासा फिरवत होता. लाली गेली, तांबं आडमुठं झालं, की पुन्हा विस्तवात. ठोकलेलं तांबं कडक होत जातं. त्याला पुन्हा तापवून मऊ केलं नाही तर ते चिरतं.

माझं आजोळ कसबा पेठेतलं. तांबट आळीतले ठोके ऐकत दुपारी झोपणारी आम्ही मुलं. ते मठारकाम, तांब्याच्या भांड्यावर ओळीने पडणारे गोल ठोके, मी जन्मभर ऐकले आणि एकदाही आत जाऊन पाहिले नाहीत. आवाज होता, रोजचा होता, म्हणून. सांता क्लारात त्या भिंतीला टेकून उभी असताना मला त्याची फार लाज वाटली.

यंदा सप्टेंबरात आमच्या भागातल्या मंडईतले गाळेवाले वर्गात आले. मेक्सिकोतल्या जवळजवळ प्रत्येक मंडईत ग्वादालूपेच्या माउलीचं, म्हणजे मेरीमातेचं, एक छोटं देवघर असतं आणि १२ डिसेंबरला तिचा मोठा उत्सव होतो. १५३१ च्या डिसेंबरात, थंडीच्या दिवसांत, तिने टेकडीवर गुलाब फुलवले अशी श्रद्धा आहे. त्या देवघराची लाकडी चौकट वाळवीने खाल्ली होती. आम्हाला नवी करून द्याल का, असं त्यांनी विचारलं. मायेस्त्रांनी होकार दिला आणि गुलाबाची एकच सलग वेल काढली. आल्बानेनेची लांब पट्टी टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली, आणि मग ती कापून तिचे बावीस चौकोन केले. प्रत्येकाला एक, ज्यांचा हात बसला आहे त्यांना दोन.

माझ्या चौकोनातून वेलीचं देठ उजव्या कडेने बाहेर जात होतं आणि शेजारच्या आजींच्या चौकोनात शिरत होतं. त्याच आजी, ज्यांनी माझ्या फाटक्या हृदयाची पानं केली होती. चाळीस वर्षं तामालेस विकले त्यांनी, पहाटे उठून मक्याचं पीठ मळायचं. आता बोटांचे सांधे सुजलेले असतात. दोन्ही पत्रे काचेवर कडेला कड लावून ठेवले आणि माझ्या पोटात गोळा आला. माझं देठ शेवग्याच्या शेंगेसारखं टरारलेलं, त्यांचं गवारीच्या शेंगेसारखं. जोडावर पायरी पडत होती. वेल तिथे तुटत होती.

आजींनी पत्रा पालथा घालून पुन्हा दाबायला घेतला. पाच-सहा वळशांनंतर कांडी खाली ठेवली, बोटं चोळली, पुन्हा घेतली. मायेस्त्रा आल्या, दोन्ही पाठी तिरप्या धरून पाहिल्या आणि टेफ्लॉनची पट्टी माझ्यासमोर ठेवली. "तुझं खाली आण, मिहा. शेवटच्या चार बोटांत."

मला ते रुचलं नाही. तीन आठवडे खपून मी ते देठ उठवलं होतं, वर्गात सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं होतं, आणि आता ते मी माझ्याच हाताने दाबायचं. घरी येऊन नवऱ्याजवळ मी बराच वेळ हे बोलत बसले. पण गुरुवारी बसले तेव्हा कळलं की खाली आणणं हे वर उठवण्यापेक्षा अवघड आहे. सपकन दाबलं तर देठ चिरडतं, त्याला घडी पडते. चार बोटांच्या अंतरात, कुठे उतार सुरू झाला ते कळू न देता, शेवग्याची गवार करायची. मी अर्धा वळसा पुढून, अर्धा मागून असं करत दोन वर्ग घालवले. मधे मधे आजींच्या पत्र्यावर बोट ठेवून उंची बघायची, मग माझ्यावर. डोळे मिटून केलं तर जास्त नीट कळायचं. असं करता करता मला त्यांचा दाब कळायला लागला. त्या सुरुवातीला हलकं दाबतात, वळशाच्या शेवटी जोर देतात आणि मग कांडी उचलून क्षणभर थांबतात. दुखतं म्हणून थांबतात. ते थांबणं त्यांच्या पत्र्याच्या पाठीवर ठिपक्यांच्या ओळीसारखं दिसतं.

त्यानंतर मी सगळ्यांच्या पाठी बघायला लागले. बावीस चौकोन मेण भरण्याआधी टेबलावर पालथे मांडले होते, तेव्हा मायेस्त्रांना न विचारता मी बहुतेक ओळखले. ड्रायव्हरकाका डावखुरे, त्यांचे वळसे सगळ्यांच्या उलट बाजूला कललेले. दाराजवळ बसणाऱ्या दोघी बहिणींचे वळसे इतके सारखे की एकीचा पत्रा दुसरीने पुरा केला तरी कळू नये. मेण भरायच्या आधी प्रत्येकाने शाई संपलेल्या बॉलपेनने पाठीवर आपलं नाव कोरलं. मी देवनागरीत कोरलं. आजींनी बघून विचारलं की हे वरून दोरीला टांगलेलं का आहे. मग शेगडीवर मेण आणि राळ पातळ झाली, एकीने चमच्याने ओतायला घेतलं, आणि नावं एकामागून एक बुजत गेली.

चौकट डिसेंबरात बसली. मी मंडईत जाते तेव्हा टोमॅटो घेता घेता त्या जोडावरून बोट फिरवून येते.

परवा आईला फोन लावला. इथे रात्रीचे नऊ, साताऱ्यात सकाळचे साडेआठ, तिच्या पूजेची वेळ. आमच्या देवघरात पाच टाक आहेत: पालीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी, जोतिबा आणि दोन वीर, घराण्यातले पूर्वज. रोज पुसून, गंध लावून खंडोबाचा चेहरा आता जवळजवळ सपाट झाला आहे. पुढून चांदी, मागून तांब्याची पाठ. मागच्या वर्षी ती पाठ एका कडेने सुटली, तेव्हापासून आई तो टाक जपून हाताळते. काही टाक ठशावर ठोकून करतात, काही हाताने उठवतात. आमचा कसा आहे हे मला इतक्या वर्षांत कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

"आई, खंडोबा जरा उलटा करून दाखवतेस?"

"अगं, देवाला असं पालथं घालतात का?"

मी तिला सगळं सांगितलं. वेल, देठ, आजी. ती ऐकत राहिली. मग तिने टाक कपाळाला लावला, सुटलेली तांब्याची पाठ हलकेच वर केली आणि फोनसमोर धरला. आत सगळं काळं होतं.

"काही दिसायचं नाही बघ. थांब, पितांबरीने घासून दाखवते."

"नको, नको. पुसू नकोस, आई. तसाच धर. जरा खिडकीकडे तिरपा कर."

तिने केला. कोवळं ऊन आत शिरलं. घोड्याच्या पोटापाशी बारीक वळसे दाट होते, मानेकडे विरळ होत गेले होते. आणि सगळे ड्रायव्हरकाकांच्या पत्र्यावर कलतात तसेच, उलट्या बाजूला कललेले.